सम्यकचा उजवा हात

"त्याला सांगा, बाळाच्या नाकातून नळी घालायची आहे. इथे सही हवी. दहा मिनिटांचं काम आहे," डॉक्टर म्हणाले.

मी हातांनी सांगितलं. सम्यकच्या वडिलांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि मग डॉक्टरांकडे वळून उत्तर दिलं. ते उत्तर मी मोठ्याने म्हटलं.

"मी सही करणार नाही."

"तुमची सही कोण मागतंय, मॅडम?" डॉक्टर म्हणाले.

हा गोंधळ माझ्या कामात कायम होतो. मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. कर्णबधिर माणूस हातांनी बोलतो ते मी आवाजात सांगते, समोरचा आवाजात बोलतो ते मी हातांनी सांगते. आमचा पहिला नियम असा, की 'ते म्हणतायत की' असं म्हणायचं नाही. त्यांचा 'मी' तो माझा 'मी'. दुसरा नियम, स्वतःचं मत मधे घालायचं नाही. सल्ला द्यायचा नाही, कुणाला सांभाळून घ्यायचं नाही. शिवी दिली तर शिवी. ऐकायला हे कोरडं वाटतं. पण हे नियम मोडले की दुभाषी हळूहळू स्वतःच बोलायला लागतो, आणि ज्याचा प्रश्न आहे तो माणूस खांबासारखा बाजूला उभा राहतो.

"सही त्यांचीच," मी म्हटलं. "मी म्हणजे ते. आणि थेट त्यांच्याशी बोललात तर बरं होईल. 'त्याला सांगा' म्हणायची गरज नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग मिलिंदकडे वळले. "बरं. तुम्ही सही का करणार नाही?"

मिलिंद म्हणजे सम्यकचे वडील. तिशीचे असतील. बुधवार पेठेत एका दुकानात मोबाइल दुरुस्त करतात. बायको सुषमा कात्रजला एका बेकरीत पॅकिंगला जाते. दोघंही जन्मापासून कर्णबधिर. अकरा महिन्यांच्या सम्यकला मात्र व्यवस्थित ऐकू येतं.

त्या आठवड्यात सुषमाला डेंग्यू झाला आणि प्लेटलेट्स फार खाली गेल्या म्हणून तिला आयसीयूत हलवलं. त्याच सुमाराला बाळाला उलट्या-जुलाब सुरू झाले. त्यालाही त्याच हॉस्पिटलमध्ये ठेवलं, दोन मजले खाली, मुलांच्या वॉर्डात. सलाईन लावल्यावर जुलाब थांबले, ताप उतरला. पण बाळ काही खाईना, दूधही घेईना. वाटी जवळ आणली की ओठ घट्ट मिटायचं. दोन दिवस हेच चाललं होतं. नुसत्या सलाईनवर इतकं लहान मूल किती दिवस ठेवणार? म्हणून डॉक्टरांनी राइल्स ट्यूबचं ठरवलं. ही एक बारीक नळी असते, नाकातून पोटापर्यंत जाते, तिच्यातून दूध सोडायचं. सहीसाठी वडील हवेत आणि वडिलांशी बोलायला दुभाषी हवा, म्हणून सकाळी मला फोन आला होता.

आम्ही वॉर्डाच्या दाराबाहेर उभे होतो, कारण मिलिंदना आत जायची परवानगी नव्हती. मुलांच्या वॉर्डात बाया अंगावर पाजत असतात, त्यामुळे तिथे सोबतीला फक्त बाईमाणूस चालतं. नियम गैर नव्हता. सम्यकजवळ आजी होती, सुषमाची आई, पिरंगुटच्या बाजूच्या गावाहून आलेली. तीही आमचं बोलणं ऐकून दारापर्यंत आली होती.

"मला आधी एक सांगा," मिलिंद म्हणाले. म्हणजे त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं. "तुम्ही जेवण घेऊन जाता तेव्हा तो काय करतो?"

डॉक्टरांनी इनचार्ज सिस्टरना हाक मारली. शिंदे सिस्टर. पन्नाशीच्या, हातात ट्रे, कपाळावर आठी. या बाईंना वॉर्डात सगळे वचकून असतात हे मला दोन मिनिटांत कळलं होतं.

"काय करणार? तोंड फिरवतो," त्या म्हणाल्या. "हात पसरतो. काहीतरी हवंय असं वाटतं, म्हणून आम्ही खुळखुळा दिला, आजींनी बिस्किट दिलं. फेकून देतो. परत हात पसरतो. आणि सारखा नाक चोळतो. सर्दी असेल म्हणून थेंब घातले नाकात."

मी हे मिलिंदना सांगत होते. 'हात पसरतो' पाशी त्यांनी मला थांबवलं. "कसा? दाखवायला सांगा."

सिस्टरनी ट्रे काउंटरवर ठेवला आणि डावा तळहात पुढे केला. बोटं किंचित वळलेली, वाटीसारखी.

"आणि नाक?"

सिस्टरनी डाव्या नाकपुडीच्या बाजूला बोट घासलं.

मिलिंदनी आधी स्वतःच्या नाकाच्या बाजूला बोट टेकवलं, सिस्टरनी जिथे टेकवलं होतं अगदी तिथेच. मी बोलू लागले.

"हे सर्दी नाही. ही सुषमा. ती चमकी घालते. आमच्या घरात 'आई' असं म्हणतात. तो दोन दिवस आई कुठे आहे, विचारतोय." मग त्यांनी डाव्या हाताची वाटी केली आणि तिच्यावर उजवी मूठ धरून आवळली-सोडली, आवळली-सोडली. धार काढल्यासारखी. "आणि हे 'दूध'. खाली भांडं, वर धार. त्याचा उजवा हात तुम्ही बांधलाय. म्हणून तुम्हाला नुसतं भांडं दिसतंय."

सम्यकच्या उजव्या हातात सलाईनची सुई होती. लहान मुलं सुई ओढून काढतात म्हणून हाताखाली एक पट्टी ठेवून बोटांपासून कोपरापर्यंत गुंडाळून टाकतात. सगळ्याच मुलांचं तसं करतात. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाच्या आईबापांचं कौतुक ऐकताना माणूस हसतो तसं. "अहो, अकरा महिन्यांचं मूल आहे. हात हलवणारच. त्यात आपण अर्थ शोधतो."

"तुमचा मुलगा अकरा महिन्यांचा असताना 'मम्' म्हणत होता का?" मी मिलिंदच्या वतीने विचारलं.

"मुलगी आहे. म्हणायची."

"तिला ते कुणी शिकवलं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही का भांडताय?"

"मी भांडत नाहीये. हे भांडतायत. मी फक्त आवाज देतेय."

आता शिंदे सिस्टर म्हणाल्या, "काल भेटीच्या वेळी यांनी मला मोबाइलवर काहीतरी लिहून दाखवलं होतं. 'हात बांध. बाळ बोल नाही.' मला वाटलं, बाळ बोलत नाही म्हणून काळजी करतायत. म्हटलं, अजून लहान आहे, बोलेल. कानाचा विभाग तळमजल्यावर आहे तेही सांगितलं."

सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं असतं. तिच्यातून थेट मराठी लिहिली की ती अशी उतरते. मिलिंदनी बरोबर लिहिलं होतं आणि सिस्टरनी आपल्या परीने बरोबर वाचलं होतं. मी हेसुद्धा त्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. अशी उत्तरं मिळायची त्यांना सवय असावी.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "हे सगळं मी समजू शकतो. पण प्रश्न साधा आहे. बाळाच्या पोटात काही जात नाही. भूक लागली असेल तर वाटी समोर आल्यावर तोंड उघडायला काय हरकत आहे? त्याला भाषा कशाला लागते?"

प्रश्न रास्त होता. मलाही तो पडला होता, पण मला विचारायचा अधिकार नव्हता. मिलिंदनी डोळे मिटून एकदा श्वास घेतला. मग सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगितलं, आणि मीही त्याच वेगाने बोलले.

"सुषमा सकाळच्या पाळीला जाते. ती दुपारी येईपर्यंत बाळ माझ्याकडे असतं. वाटीने दूध मीच देतो, खिमट मीच भरवतो. मी आधी विचारतो, दूध? तो म्हणतो, दूध. मग मी देतो. तो 'बस' म्हणाला की मी थांबतो. 'बस' म्हणजे असं, दोन्ही हात झटकायचे. पहिल्यापासून आमच्या घरात असंच आहे. विचारल्याशिवाय त्याच्या तोंडात कुणी काही घातलेलं नाही. इथे त्याला कुणी विचारत नाही. त्याने सांगितलं तर कुणाला कळत नाही. थांबा म्हणायला दुसरा हात नाही. मग तो तोंड बंद करतो. त्याच्याकडे आता तेवढंच राहिलंय."

आजी इतका वेळ दाराला टेकून उभी होती. ती पुढे आली. "ताई, माझं बी सांगा जावईबापूंना. नळी घालायची तर घाला म्हनावं. दोन दिस झालं, लेकराच्या पोटात काय न्हाई. खुणांचं मागनं बघू. आधी जीव हाय का न्हाई?"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. दुभाष्याने आजीचंही सांगायचं असतं, ते आपल्याला आवडो न आवडो. मिलिंद डॉक्टरांकडे वळले.

"नळी घातली की तो ती ओढणार नाही का?"

"ओढणार. सगळी मुलं ओढतात."

"मग?"

"मग डाव्या हातालाही मिटन बांधू. पिशवीसारखा मोजा असतो. एक-दोन दिवस."

मिलिंदनी स्वतःची दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून समोर धरली आणि तशीच ठेवली. ती काही सांकेतिक भाषेतली खूण नव्हती. मला तिचं भाषांतर करावं लागलं नाही.

त्यानंतर बोलली ती आजी. डॉक्टरांशी नाही, माझ्याशीही नाही, कुणाकडे न बघता बोलल्यासारखी. "सुसमाला साळंत हात मागं धरून बसवायचं. गुरुजी म्हनायचे, खुणा करू दिल्या तर पोरगी कधी बोलायची न्हाई. घरी बी करू दिऊ नका. म्या न्हाई करू दिल्या. हातावर मारायची मी तिच्या." ती थोडी थांबली. "तरी न्हाई बोलली. आन मला तिच्यासंगं बोलता येत न्हाई ते न्हाईच."

हे मी मिलिंदना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त दोन खुणा केल्या. "माझेही." त्यांचेही हात शाळेत तसेच धरलेले होते.

आजीने पदराने तोंड पुसलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "दुसरा हात बांधू नका, डाक्टर. मी सांगते. जावईबापू म्हनत्यात ते एकदा करून बघा."

आता मिलिंद पुढे सरकले. मी बारा-तेरा वर्षं हे काम करतेय. कोर्टात केलंय, लग्नाच्या बैठकीत केलंय, बँकेत तर असंख्य वेळा. पण दुसऱ्याचं वाक्य म्हणताना माझा आवाज इतका ठाम क्वचितच झाला असेल.

"उजवा हात सोडा. मला त्याच्यासमोर बसू द्या. त्याने दूध मागितलं नाही, तर मी नळीसाठी सही करीन. दुसऱ्या हातासाठीही करीन. पण आधी त्याला विचारू द्या."

डॉक्टर विचारात पडले. "सुई निघाली तर परत शीर मिळायची पंचाईत. पहिल्या वेळेला किती वेळ लागला, सिस्टर?"

"तेव्हा तो सुकलेला होता, सर. आता बरा आहे," शिंदे सिस्टर म्हणाल्या. "सलाईन बंद करून पट्टी सोडते. सुई चिकटवलेली राहील, खालून मनगट मी धरते. ओढू देणार नाही." मग मिलिंदकडे पाहून म्हणाल्या, "वॉर्डात नाही हं. बाजूच्या प्रोसिजर रूममध्ये. तिथे पुरुष चालतात." या वेळी त्या माझ्याकडे न बघता थेट त्यांच्याकडे बघून बोलल्या.

प्रोसिजर रूम म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर पुसट झालेला हत्ती. आजी सम्यकला कडेवर घेऊन आली. गोरा, टकला, डोळ्यांखाली काळं. दारातून आत येताच त्याला बाप दिसला. तो रडला नाही, हसलाही नाही. त्याने सगळं अंग पुढे झोकून दिलं आणि आजीला त्याला सावरावं लागलं.

मिलिंदनी त्याला टेबलावर आपल्यासमोर बसवलं. मांडीत घेतलं नाही, समोर बसवलं. हातांनी बोलायचं तर तोंडं समोरासमोर लागतात. शिंदे सिस्टरनी एकेक वेढा काढत पट्टी सोडली. आत हात पांढरट, सुरकुतलेला होता. त्यांनी मनगटाखाली आपली दोन बोटं ठेवली. डॉक्टर दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. मी मिलिंदच्या खांद्याच्या बाजूला, जिथून दोघांचेही हात दिसतील अशी.

सम्यक आपल्या हाताकडे बघत राहिला. बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली. बराच वेळ तो एवढंच करत होता. आजीने दुधाची वाटी पुढे केली. मिलिंदनी तिचा हात हळूच खाली केला.

मग सम्यकने उजवा हात उचलला आणि बोट नाकाच्या बाजूला टेकवलं.

"हेच का ते? दूध?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यांना फरक कळणार नव्हता. सिस्टरना कदाचित कळला असता, पण त्यांचं लक्ष सुईवर होतं. मी 'हो' म्हटलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता, नळी टळली असती आणि कुणाचं नुकसानही झालं नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, ते नाकारत नाही. पण त्या खोलीत सगळं या एका गोष्टीवर उभं होतं, की हे मूल बोलतं. तो एक म्हणाला आणि मी दुसरंच सांगितलं, तर त्याचं बोलणं मीच पुसलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "'आई' म्हणतोय तो."

"म्हणजे दूध मागत नाहीये."

मिलिंदनी माझे हात पाहिले आणि डॉक्टरांकडे न बघताच उत्तर दिलं. मी ते म्हटलं. "मी त्याला अजून विचारलेलंच नाही. आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो."

आणि त्यांनी दिलं. मुलाच्या वेगाने, मोठ्या मोठ्या खुणांनी. मीही बोलत गेले. "आई वर आहे. आईला बरं नाही. आई झोपली आहे. आई येईल." सम्यक बापाच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होता. पुन्हा बोट नाकाला. "आई." पुन्हा तेच उत्तर, तितक्याच शांतपणे. "आई येईल." तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा सांगितलं. डॉक्टर एकदा खाकरले. मिलिंदना ते ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं असतं तरी त्यांनी घाई केली असती असं वाटत नाही.

मग त्यांनी भुवया उंचावल्या आणि विचारलं, "दूध?"

सम्यकने डावा हात पुढे केला. वाटी. नंतर उजवा त्याच्यावर आणायचा प्रयत्न केला. तो नेमका वर आला नाही, बाजूलाच राहिला, आणि मूठही नीट मिटली नाही. बोटं नुसती आत-बाहेर झाली. मुलं जशी बोबडी बोलतात तसे त्यांचे हातही बोबडे असतात. पण आवळणं-सोडणं होतं. एकदा नाही, थांबेचना.

अकरा महिन्यांच्या माणसासाठी मी त्याआधी कधी दुभाषी झाले नव्हते. त्याचं वाक्य मी नेहमीसारखंच, त्याच्या वतीने म्हटलं.

"दूध. दूध. दूध."

डॉक्टर जवळ आले. "पाण्याचं विचारा."

मिलिंदनी अंगठा ओठांकडे नेऊन विचारलं, "पाणी?" सम्यकने त्या अंगठ्याकडे पाहिलं आणि परत वाटी धरली, मूठ आवळली. या वेळी अख्खं अंग हलवून. त्याचा सूर मला तरी असा वाटला, की किती वेळा सांगू. पण तो माझा अंदाज, म्हणून मी तो मोठ्याने बोलले नाही.

"द्या त्याला," डॉक्टर म्हणाले.

मिलिंदनी वाटी ओठांना लावली. ओठ उघडले. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला, दुसरा आत गेला. मग तो दोन्ही हातांनी वाटी धरायला बघू लागला आणि शिंदे सिस्टर मनगटाखालची बोटं सांभाळत म्हणाल्या, "अरे हळू, सुई आहे माझी तिथे." थोडं पिऊन झालं आणि त्याने हात झटकले.

मिलिंदनी वाटी लगेच बाजूला ठेवली.

"एवढंच?" आजी म्हणाली. "आजून हाय की वाटीत. घोटभर तरी."

"तो 'बस' म्हणाला," मिलिंद म्हणाले.

"हे काही पुरेसं नाही," डॉक्टर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आता वाद नव्हता, हिशेब होता.

"पुरेसं नाही, मला माहीत आहे. तो परत मागेल. आता ओतलं, तर मागणार नाही."

डॉक्टरांनी सम्यककडे पाहिलं, मिलिंदकडे पाहिलं, मग सिस्टरना म्हणाले, "सुई पायात घ्या. दोन्ही हात मोकळे ठेवा. नळीचं संध्याकाळच्या राउंडला बघू." जाता जाता दारात थांबून मिलिंदना म्हणाले, "तुम्ही इथेच बसा, याच खोलीत. मी सांगतो ऑफिसला." या वेळीही मी भाषांतर केलं, पण ते त्यांच्याशीच बोलत होते.

पायात सुई टोचताना सम्यक असा रडला की वॉर्डातली इतर मुलं जागी झाली. त्याला जवळ घेऊन शांत केलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी बापाच्या खांद्यावरून मान वर काढून त्याने पुन्हा दूध मागितलं. मागितलं ते आजीकडे. आजी समोर होती म्हणून.

ती गडबडली. "मलाच म्हनतोय व्हय? परवापास्नं माझ्याकडंच मागत हुता की. आन मी बिस्किट ठिवत हुते हातात." तिने मिलिंदकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात करून दाखवले. आजीने आपला डावा तळहात पुढे केला, त्यावर उजवी मूठ धरली. शेतावर राबलेली बोटं, पटकन मिटत नव्हती. "दूध?" तिने तोंडाने विचारलं आणि हातानेही. सम्यकने वाटीकडे झेप घेतली.

माझं काम खरं तर केव्हाच संपलं होतं. मी दुपारपर्यंत थांबले, कारण डॉक्टर परत आले तर कुणीतरी लागणार होतं. ते आले नाहीत. संध्याकाळच्या राउंडला नळीचा विषय निघाला नाही, हे मला मिलिंदनी मेसेज करून कळवलं. दुसऱ्या दिवशी सम्यक खिमट खाऊ लागला आणि सलाईन निघालं. सुषमाच्या प्लेटलेट्स वर यायला आणखी काही दिवस लागले. तिला साध्या वॉर्डात आणल्यावर बाळाला तिच्याकडे नेलं, तेव्हा मी तिथे नव्हते. आजी होती. तिने मुलीला हातांनी काहीतरी सांगितलं म्हणे. काय, ते मिलिंदनी लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका कामासाठी त्याच हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा शिंदे सिस्टर लिफ्टपाशी भेटल्या. त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "आता सुई लावायच्या आधी मी प्रत्येक आईला विचारते, मूल कोणता अंगठा चोखतं, कोणत्या हाताने दाखवतं. मग दुसऱ्या हातात लावते, नाहीतर पायात. ऐकू येणाऱ्यांच्या मुलांनाही. बोलायच्या आधी सगळीच हातवारे करतात, नाही का? आम्ही बघत नव्हतो एवढंच."

"नियम केलात म्हणायचा."

"नियम कसला? मी विचारते. माझ्या ड्युटीत."

म्हणजे त्यांची बदली झाली की हे बंद. म्हणून इथे लिहून ठेवते. लहान मुलाच्या हाताला पट्टी बांधायच्या आधी विचारून घ्यावं, ते कोणत्या हाताने बोलतं. विचारायला एक मिनिट लागतं. आम्ही दोन दिवस लावले.